कोरलचा क्रॅक टाकला आणि अकरा वर्षांच्या फाइल्सला कुलूप लागलं

पत्र (थोडं छोटं करून देतेय) :

"ताई, सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकं मी करतो, बायको ऑनलाइन फॉर्म भरते. मागच्या मंगळवारी जुनं कोरल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, सारखं बंद पडायला लागलं म्हणून युट्यूबच्या एका व्हिडिओखालच्या लिंकवरून नवीन उतरवलं. अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल करा असं लिहिलेलं, तसंच केलं. विंडोज अपडेट चालू असल्यासारखी खिडकी आली म्हणून मी चहाला गेलो. परत येऊन बघतो तर सगळ्या फाइल्सच्या नावामागे चार अक्षरं चिकटलेली आणि एकही फाइल उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची चिठ्ठी, 999 डॉलर द्या, 72 तासांत संपर्क केला तर 499. शेजारच्या गावातला एक जण 25 हजारांत सगळं काढून देतो म्हणतोय. लग्नाचा सीझन तोंडावर आलाय. पैसे देऊ, का फॉर्मॅट मारू?"

दादा, यातलं काहीच करू नका, निदान आज तरी. डॉलरवाल्याला नाही, 25 हजारवाल्याला नाही आणि फॉर्मॅट तर अजिबात नाही, का ते सांगते. पण आधी एक विचारायचंय, कारण तुमचं पत्र सगळं फाइल्सबद्दल आहे आणि मला ज्याची खरी धास्ती वाटली ती गोष्ट त्यात कुठेच नाही. त्या कॉम्प्युटरवर क्रोममध्ये किती पासवर्ड सेव्ह करून ठेवलेत?

तुम्ही जे वर्णन केलंय ना, चार अक्षरांचं शेपूट, रीडमीची चिठ्ठी, 72 तासांत निम्मा भाव, खोटी विंडोज अपडेटची खिडकी, हे सगळं एकाच जातीच्या व्हायरसकडे बोट दाखवतं. त्याला स्टॉप किंवा डीजेव्हीयू म्हणतात, 2018 पासून फिरतोय आणि मोठ्या कंपन्यांच्या नादी फारसा लागत नाही, तुमच्या माझ्यासारख्या क्रॅक (पैसे न भरता चालावं म्हणून लायसन्स तोडलेलं सॉफ्टवेअर) शोधणाऱ्यांवरच जगतो. (गंमत बघा, कॉम्प्युटर रशिया, बेलारूस, कझाकस्तान अशा देशातला दिसला तर हा गुपचूप निघून जातो, काही करत नाही. घरच्या गल्लीत चोरी करायची नाही, एवढी शिस्त.) आणि हा बऱ्याचदा एकटा येत नाही, सोबत एक भुरटा चोर, म्हणजे दुसरा व्हायरस, आणतो. फाइल्सना कुलूप लागायच्या आधीच तो भुरटा ब्राउझरमधले सेव्ह केलेले सगळे पासवर्ड, सेव्ह केलेली कार्डं, लॉगिनच्या कुकीज असं सगळं गाठोड्यात बांधून पाठवून देतो. तुम्हाला कुलूप दिसलं म्हणून तुम्ही कुलपाकडे बघत बसलात, पण किल्ल्यांचा जुडगा गेला तो कुठे दिसतच नाही ना. तुमच्या बाबतीत नक्की तसंच झालंय का हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण झालंय असं धरूनच चला.

तेव्हा आत्ता, हे वाचताय तिथेच, कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर काढा नाहीतर वायफाय बंद करा. बाकीचं सगळं मोबाइलवरून करायचं. त्या कॉम्प्युटरवर बसून पासवर्ड बदलू नका, नवीन पासवर्ड पण त्यालाच मिळायचा.

पहिलं जीमेल, कारण बाकी सगळ्यांचे "पासवर्ड विसरलात का" वाले मेल तिथेच येतात. नवा पासवर्ड लावा, टू-स्टेप (पासवर्डनंतर मोबाइलवरही खात्री मागतं ते) चालू करा, आणि मग अकाउंटच्या सिक्युरिटीत "युअर डिव्हाइसेस" असं दिसेल तिथे जाऊन दुकानाच्या कॉम्प्युटरला साइन आउट मारा. ही शेवटची पायरी लोक सोडून देतात आणि फसतात. नुसता पासवर्ड बदलून सगळीकडे भागत नाही. कुकी म्हणजे कसं, देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो बघा, मग परत येऊन ज्याच्या हातात बिल्ला त्याला चपला, नाव कोणी विचारत नाही. तो बिल्लाच रद्द करायचाय आपल्याला. तसंच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडा, तिथे दुकानाचा कॉम्प्युटर असणारच, त्याला लॉग आउट करा. फेसबुकवर दुकानाचं पेज असेल तर तिथेही तेच. रिकव्हरीसाठी कुणी भलताच नंबर किंवा मेल घालून ठेवलाय का ते पण बघून घ्या.

मग बँक. नेट बँकिंग त्या कॉम्प्युटरवर कधीही उघडलं असेल तर पासवर्ड बदला, क्रोममध्ये कार्ड सेव्ह असेल तर ते कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा, आणि बँकेत जाऊन लेखी कळवून पोच घ्या. पोच नक्की घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या सर्क्युलरमध्ये तुमची चूक नसताना झालेल्या चोरीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड ग्राहकावर नाही असं आहे, आणि तुमची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. म्हणजे तारीख वेळ असलेला कागद हातात पाहिजे. पैसे प्रत्यक्ष गेलेले दिसले तर दुसरं काही न करता आधी 1930 ला फोन, कारण पैसे पुढच्या खात्यात थांबलेत तोवरच अडवता येतात.

आता वहिनींचा विषय, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलणारे, राग मानू नका. मी बरीच वर्षं एमएस-सीआयटीचा क्लास चालवला, आमच्या शेजारीच असं फॉर्मचं दुकान होतं, त्यामुळे ही कामं कशी चालतात मला माहितीये. पोरगं महाडीबीटीचा फॉर्म भरायला येतं, त्याला ईमेलच नसतो, मग तुम्हीच काढून देता, रिकव्हरीला तुमचाच मोबाइल नंबर टाकता, पासवर्ड सगळ्यांना एकच साचा, नाव अ‍ॅट 123. क्रोम विचारतं सेव्ह करू का, तुम्ही हो म्हणता, कारण पोरगं पुढच्या वर्षी रिन्यूअलला येणार आणि पासवर्ड विसरून येणार हे तुम्हाला ठाऊक असतं. त्यात वाईट हेतू काही नाही, उलट मदतच असते. पण आज त्या क्रोममध्ये शंभर दोनशे घरांच्या किल्ल्या पडल्या होत्या आणि त्या घरांना याचा पत्ता नाही. आणि डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये काय काय असेल? आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान, जातीचा दाखला, सातबारा, जो तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून प्रिंट काढून गेला आणि फाइल तिथेच राहिली.

त्यांना सांगावं लागेल दादा. अवघड आहे, दुकानाचं नाव खराब होईल असं वाटेल, पण दोन महिन्यांनी कुणाच्या खात्यातून काही गेलं आणि मग कळलं तर ते जास्त खराब होईल. फॉर्म भरलेल्यांची यादी वहिनींकडे असेलच, व्हॉट्सअ‍ॅपवर साधं लिहा, आमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता, तुमच्या ईमेलचा आणि पोर्टलचा पासवर्ड बदलून घ्या, दुकानात आलात तर आम्ही फुकट बदलून देतो, पण तुमच्या मोबाइलवर. ज्यांना ते जमणार नाही अशा म्हाताऱ्या माणसांचं आधार बायोमेट्रिक लॉक करून द्या, आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर होतं, त्यांचा मोबाइल आधारला जोडलेला पाहिजे एवढंच. आधार नंबर एकीकडून आणि कुठल्यातरी कागदावरचा अंगठा दुसरीकडून मिळवून खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार आपल्या देशात झालेत, लॉक असलं की तो अंगठा चालत नाही. बाकी फोटोकॉपीसाठी मास्क्ड आधार म्हणून प्रकार असतो, शेवटचे चारच आकडे दिसतात, जिथे चालेल तिथे तोच द्यायची सवय गिऱ्हाइकांना तुम्हीच लावू शकता, तुमच्याइतकी आधारची झेरॉक्स गावात दुसरं कोण काढतं?

सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पण टाका. फाइल्स परत येतील म्हणून नाही, तर उद्या तुमच्याकडून गेलेल्या एखाद्या कागदावर कुणी उद्योग केला तर तुम्ही अमुक तारखेला कळवलं होतं हे दाखवायला. चिठ्ठीचा आणि स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढून जोडा.

हे झालं की मग फाइल्स.

चिठ्ठीच्या शेवटी तुमचा पर्सनल आयडी म्हणून अक्षरांची लांब माळ आहे, सी ड्राइव्हमध्ये सिस्टिमआयडी नावाच्या फोल्डरमध्ये पण सापडेल. तिची शेवटची दोन अक्षरं बघा. छोटा इंग्रजी टी आणि 1 असेल तर नशीब थोडं बरं. हा व्हायरस फाइल्सना कुलूप लावायच्या आधी त्याच्या मालकाच्या सर्व्हरकडे किल्ली मागतो, ती मिळाली तर प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी किल्ली आणि मग मात्र अवघड आहे. पण इंटरनेट गंडलेलं असेल किंवा सर्व्हर बंद असेल तर तो स्वतःजवळची एक ठरलेली किल्ली वापरतो, तीच सगळ्यांना, त्याला ऑफलाइन म्हणतात, टी आणि 1 त्याचीच खूण. अशी किल्ली कधीतरी कुणामार्फत बाहेर येते आणि मग एम्सीसॉफ्ट कंपनीचं फुकटचं टूल त्या जातीच्या सगळ्यांच्या फाइल्स उघडून देतं. आज नाही तर सहा महिन्यांनी, कधी कधी नाहीच. युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून 2016 मध्ये नो मोअर रॅन्सम नावाची साइट काढलीये, असली टूल्स तिथूनच घ्या, गुगलवर "व्हायरस काढा" शोधून पहिली लिंक दाबाल तर दुसरा पाहुणा घरात याल घेऊन.

आता कळलं का 25 हजारवाला काय करतो? तो बहुतेक हेच फुकटचं टूल चालवून बघणार, उघडल्या तर 25 हजार त्याचे, नाही उघडल्या तर "तपासणी फी" म्हणून दोन-तीन हजार. नाहीतर गुपचूप त्या डॉलरवाल्याशीच बोलून मधलं कमिशन खाणार. या कुलपाची तिसरी वाट नाहीये. त्याला फक्त एक विचारा, माझा आयडी ऑनलाइन आहे की ऑफलाइन? उत्तरावरून कळेल.

आणि डॉलरवाल्याचं म्हणाल तर, पैसे दिल्यावर किल्ली मिळालेले लोक आहेत, नाही म्हणत नाही, पण न मिळालेलेही आहेत आणि तुम्ही दाद कुणाकडे मागणार? चिठ्ठीत लिहिलंय म्हणून किल्ली असेलच असंही नसतं. 2017 च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं होतं, त्याची पण पैसे मागणारी चिठ्ठी यायची, आणि नंतर तज्ज्ञांनी उघडून बघितलं तर त्यात फाइल्स परत सोडवायची सोयच ठेवलेली नव्हती. तुमचा व्हायरस तो नाही, पण चिठ्ठीवर विश्वास किती ठेवायचा ते यावरून समजा.

म्हणून फॉर्मॅट मारायच्या आधी सगळ्या कुलूपबंद फाइल्स, ती चिठ्ठी आणि सिस्टिमआयडीचं फोल्डर एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. त्यावर तारीख लिहून कपाटात टाका. आयडी ऑफलाइन असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी टूल चालवून बघा. मोठे व्हिडिओ असतील तर ते वेगळे काढा, कारण हा व्हायरस घाईत असतो, प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबीच बिघडवतो, बाकी फाइल शाबूत असते. त्यामुळे मोठे व्हिडिओ रिपेअरच्या टूलने बऱ्याचदा परत येतात, मोठ्या झिपमधल्या पुढच्या फाइल्स पण निघतात. छोट्या वर्ड फाइल्सचं मात्र आख्खं पोटच दीडशे केबी असतं, त्यांची आशा धरू नका.

आणि आता तुमच्या धंद्यातली गोष्ट, जी त्या 25 हजारवाल्याला सुचणार नाही. तुमच्या डिझाइन फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर होत्या का? पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ करून पाठवता ना, ते फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप डॉक्युमेंट्सच्या सेंट फोल्डरमध्ये पडलेलं असतं, फोन बदलला नसेल तर वर्षानुवर्षांचं. फ्लेक्सच्या फाइल्स प्रिंटिंगला कोल्हापूरला नाहीतर सांगलीला मेल करत असाल, जीमेलचं सेंट उघडा आणि अटॅचमेंट असलेले मेल शोधा, अकरा वर्षांतला बराच ऐवज तिथे सापडेल आणि त्याला व्हायरसचा हातही लागलेला नसेल. प्रेसवाल्यालाही फोन करा, ते लोक जुन्या फाइल्स सहसा उडवत नाहीत, उडवायला वेळ कुणाला असतो. कोरलमधून काढलेली पीडीएफ परत कोरलमध्ये उघडते, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे अक्षरांचं चित्र केलेलं) असतील तर मजकूर बदलता येणार नाही पण बॉर्डर, गणपती, कलश, सगळं डिझाइन हाताला लागेल. सीझन त्यावर निघून जाईल. माझ्या पुतणीच्या बारशाचे फोटो माझ्याच हलगर्जीपणाने गेले होते तेव्हा असेच सतरा नातेवाइकांच्या फोनमधून गोळा केलेले, शेवटी मूळच्यापेक्षा जास्त जमले.

हे सगळं वाचवून झालं की मग फॉर्मॅट, आणि तो अर्धवट नको. दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवा, फुकट बनतो, आणि सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह पुसून नवीन टाका. कोणाकडून "अ‍ॅक्टिव्हेटेड विंडोज" घेऊ नका, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करणारी टूल्स पण याच बाजारातली. लायसन्स घ्यायला महिना दोन महिने लागले तर तोवर कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" असं पुसट दिसेल, दिसू द्या. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, मशीन 11 पेलत असेल तर 11 च टाका.

बसवताना दोन अकाउंट करा. एक अ‍ॅडमिनचं, त्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला, आणि रोजचं काम साध्या अकाउंटवरून. अँटिव्हायरससाठी विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे असं माझं मत, पुण्याचं क्विक हील किंवा दुसरं काही घ्यायचं तर घ्या, पण एकच ठेवा आणि ते कधीही बंद करायचं नाही. मंगळवारी तुमच्या अँटिव्हायरसने कदाचित अडवलं असतं, तुम्हीच त्याला बाहेर बसवलंत. जो माणूस म्हणतो "तुमचा कुत्रा बांधा मग मी आत येतो" तो पाहुणा असेलही, पण कुत्रा का बांधायचा हे आधी विचारायचं. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दिसतील असं सेटिंग करा, मग "बायोडाटा डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई" असलं काही आलं तर शेपूट दिसेल. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडू नका, झेरॉक्सच्या दुकानातून शॉर्टकट व्हायरस घेऊन किती पोरं माझ्या क्लासला यायची म्हणून सांगू.

बॅकअपचं एवढंच, कॉम्प्युटरला चोवीस तास लावून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नाही, व्हायरस तिच्यातही शिरतो. शनिवारी दुकान बंद करताना जोडायची, कॉपी करायची, काढून घरी न्यायची. आणि वहिनींनी रोज संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या कागदांचं फोल्डर उडवायचं, रिसायकल बिनसकट. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही.

कोरलचं काय? मी साळसूदपणे तुम्हाला उपदेश करणार नाही, एके काळी आमच्या क्लासच्या निम्म्या मशीनवर काय होतं ते मलाच माहिती. ओरिजिनल महाग आहे, तालुक्याच्या दुकानाला तर फारच. पण हिशोब असा मांडा की या आठवड्यात बुडालेलं काम, वाया गेलेले दिवस आणि ते 25 हजार, जे तुम्ही द्यायला निघाला होतात. तेवढ्यात जमत असेल तर घ्या. नाहीतर इंकस्केप फुकट आहे, कोरलच्या फाइल्स थोड्याफार उघडतो, आधी हात बसत नाही आणि जुने श्रीलिपीचे फॉन्ट घेऊन काम करणाऱ्याला कुरकुर होते, पण युनिकोडमध्ये टाइप केलं तर पत्रिका झकास होते. मधला मार्ग म्हणून क्रॅकवालं जुनं मशीन वेगळं ठेवायचं आणि त्याला इंटरनेट कधीच द्यायचं नाही असं काही जण करतात, मी ते सुचवत नाहीये, करतात एवढं सांगितलं.

वहिनींकडे पासवर्ड लिहिलेली एखादी वही आहे का हो? अशा दुकानात असतेच. असेल तर फेकू नका, पासवर्डांपुरतं बघितलं तर ज्याला व्हायरसचा हात लागला नाही असं ते एकच ठिकाण. फक्त ती काउंटरवर झेरॉक्स मशीनशेजारी पडलेली नको, घरी कपाटात. आणि त्यातले ते नाव अ‍ॅट 123 सगळे खोडायचेत.

चिठ्ठीतल्या आयडीची शेवटची दोन अक्षरं मला कळवा, आख्खा आयडी नको. टी आणि 1 असेल तर पुढे टूल कसं चालवायचं ते लिहून पाठवते.